चढावर मागचा ॲक्सल उड्या मारतो : कमानीचा पीळ कसा थांबवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी फोर-बाय-फोर, पुढे-मागे कमानपाटे, म्हणजे लोखंडी पाट्यांची स्प्रिंग. मागच्या ॲक्सल आणि कमानीच्या मध्ये चार इंची ब्लॉक घालून गाडी उंच केलेली, टायरही मोठे घातलेले. लो रेंजला (हळू पण जास्त जोराच्या गिअर-जोडणीत) पहिल्या गिअरमध्ये दगडाची पायरी चढायला गेलं की मागून धडधडधड असा आवाज येतो, अख्खी गाडी हादरते आणि वर्षभरात प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचा) मागचा क्रॉस, म्हणजे फिरता सांधा, दोनदा तुटलाय. विचारणाऱ्याला ठरवायचंय की कमानीत आणखी एक पाटा वाढवायचा, का ट्रॅक्शन बार, म्हणजे ॲक्सलचं फिरणं अडवणारा दांडा, लावायचा.

कमानीच्या गाड्यांचं सस्पेन्शन हे माझं रोजचं काम आहे आणि क्रॉस तुटून आलेल्या गाड्या मी भरपूर पाहिल्यात. त्यावरून आधी एक सांगतो. इथे क्रॉस कच्चा नाहीये. तिसरा क्रॉस कितीही भारी बसवलात तरी तोही जाईल, किंवा तो टिकेल आणि पिनियनचा (ॲक्सलमध्ये जोर नेणाऱ्या छोट्या गिअरचा) योक, म्हणजे क्रॉस धरणारा चिमटा, किंवा ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) शाफ्ट जाईल. कमानीला तिच्या ताकदीबाहेरचं काम दिलं गेलंय, आणि पाटा वाढवून ते काम तिच्याकडेच राहतं. ते काढून दुसऱ्या कोणाकडे तरी द्यायला हवं. पण त्याआधी दोन-तीन गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय बारलाही हात लावू नका.

होतं काय ते बघू. इंजिन चाकाला पुढे फिरवतं, तेव्हा तेवढाच जोर उलट्या दिशेने ॲक्सलच्या हौसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, बसतो. हौसिंग मागे फिरू पाहतं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पिनियनचं तोंड वर उचललं जातं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हे अडवायला वेगळे आर्म आणि लिंक असतात. कमानीच्या गाडीत तसं कोणी नाही. वजन पेलायचं, ॲक्सल जागेवर धरायचा, चाकांची ढकल चासीपर्यंत पोचवायची आणि वर हा पीळही सोसायचा, सगळं त्या पाट्यांवरच. पीळ बसला की कमानीचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा खाली बसतो आणि बाजूने बघितलं तर आडव्या पडलेल्या एस अक्षरासारखा आकार दिसतो. यालाच ॲक्सल रॅप म्हणतात.

टायरची पकड टिकून आहे तोवर कमान नुसती पिळलेली राहते, गाडी चढते आणि ड्रायव्हरला काही कळतही नाही. टायर सुटला की साठलेला सगळा पीळ एका झटक्यात मोकळा होतो. हौसिंग आपटून परत येतं, टायर पुन्हा पकडतो, कमान पुन्हा पिळते, पुन्हा सुटते. सेकंदात हे अनेकदा होतं. तुम्हाला ऐकू येतं ते धडधडधड हेच. क्रॉस तुटतो तो या आपटण्याने, नुसत्या जोराने नव्हे.

आता थोडा हिशोब करू, कारण आकडे समोर असले की पाटा वाढवायचा का याचं उत्तर आपोआप मिळतं. मागच्या ॲक्सलवर 1000 किलो वजन आहे असं धरा. खडकावर टायरची पकड 0.8 धरली तर टायर जमिनीला साधारण 7800 न्यूटनने ढकलतो. कमानीला बसणारा पीळ म्हणजे ही ढकल गुणिले जमिनीपासून कमानीच्या बैठकीपर्यंतची उंची. मूळ टायरची त्रिज्या 350 मिमी आणि ॲक्सलच्या मध्यापासून कमानीची बैठक 70 मिमी वर धरली, तर उंची झाली 420 मिमी आणि पीळ सुमारे 3280 न्यूटन-मीटर. मोठ्या टायरने त्रिज्या 400 झाली, ब्लॉकने आणखी 100 मिमी वाढले. उंची झाली 570 आणि पीळ 4450 च्या आसपास. इंजिन तेच, गिअर तेच, वजन तेच, आणि कमानीवरचा पीळ 36 टक्क्यांनी वाढला. त्यातला मोठा वाटा ब्लॉकचा आहे.

कमान किती पिळेल तेही काढता येतं. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या कमानीचा पिळाला होणारा विरोध म्हणजे तिचा उभा कडकपणा गुणिले अर्ध्या लांबीचा वर्ग. एका कमानीचा कडकपणा मिलिमीटरला 30 न्यूटन आणि अर्धी लांबी 600 मिमी धरली, तर दोन्ही कमानी मिळून एका अंशाला साधारण 377 न्यूटन-मीटर विरोध करतात. म्हणजे 4450 चा पीळ बसला की ॲक्सल जवळजवळ 12 अंश फिरणार. पाट्यांमधलं घर्षण आणि क्लिपा यांमुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज चुकीचा नाही. पिनियनचा योक ॲक्सलच्या मध्यापासून 300 मिमी पुढे असेल तर त्याचं तोंड 60 मिमीच्या वर उचललं जातं. या अवस्थेत कमानींमध्ये साडेचारशे जूलच्या वर ऊर्जा साठलेली असते. सुमारे 46 किलोचं वजन एक मीटरवरून खाली पडावं एवढी. टायर सुटला की ती सगळी शाफ्ट, क्रॉस आणि योकवर येऊन आदळते, आणि ते एकदा नाही, धडधड चालू आहे तोवर दर खेपेला.

आता पाच पाट्यांच्या कमानीत सहावा पाटा घाला. कडकपणा वाढून वाढून वीस टक्के वाढेल, आखूड पाटा असेल तर त्याहून कमी. बारा अंशांचे दहा होतील. धडधड थांबणार नाही, आणि रोजच्या चालीत मात्र गाडी वीस टक्के कडक होईल, चाक खड्ड्यात मोकळेपणाने खाली उतरणार नाही. पीळ निम्म्यावर आणायचा तर कमान दुप्पट कडक करावी लागेल. तेवढी कडक कमान ओझं वाहणाऱ्या ट्रकला ठीक आहे. खडकात चाकं वर-खाली जायला हवीत अशा गाडीला ती काय कामाची? म्हणून पाटा वाढवायला माझा विरोध आहे. गाडीत कायम सामान भरलेलं असेल आणि मागून ती बसलेली असेल तर पाटा जरूर वाढवा, पण तो वजनासाठी, पिळासाठी नाही.

माझं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगून ठेवतो. गाडी बहुतेक वेळ रस्त्यावर चालते आणि महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर जाते, की दर आठवड्याला खडकात असते? मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी रचना, आहे का? कारण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच जोर मिळतो, कमानीवर फार पीळ चढतच नाही. लॉकर बसवला की दोन्ही चाकं पूर्ण जोर खेचतात, आणि इतकी वर्षं गप्प असलेली कमान पहिल्याच फेरीत उड्या मारायला लागते. पुष्कळ लोक त्याचं खापर लॉकरवर फोडतात. शिवाय खाली बारला जागा आहे का, टाकी आणि सायलेन्सर कुठून जातात, आणि तुमच्याकडच्या नियमांत चासीला असं काही जोडायला परवानगी आहे का, हेही बघायला हवं.

आधी खात्री करा की हा पीळच आहे. नेहमीच्या पायरीवर नेहमीसारखी गाडी चढवा आणि कोणाला तरी लांब, सुरक्षित जागी उभं करून बाजूने मोबाइलवर चित्रण घ्यायला सांगा. गाडीच्या मागे, खाली किंवा लगत कोणी उभं राहायचं नाही. त्याआधी कमानीच्या सगळ्या पाट्यांच्या कडेवरून खडूची एक उभी रेघ मारा, कमान ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टपासून वीतभर पुढे. पीळ बसला की पाटे एकमेकांवरून सरकतात आणि त्या रेघेच्या पायऱ्या झालेल्या चित्रणात स्पष्ट दिसतात. शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनवर (खाचांच्या जोडावर) एक प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून ठेवा. फेरी संपल्यावर ती किती सरकली ते मोजा, शाफ्ट किती आत-बाहेर झाला ते कळेल. एकदा एका गाडीखाली गेलो तर शाफ्टच्या नळीवर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा होता, आणि बरोबर वर असलेल्या चासीच्या आडव्या क्रॉस मेंबरच्या कडेचा रंग उडालेला. गाडी सपाटीवर उभी असताना दोघांत तीन बोटांची फट होती. मालकाला मी बाकी काही समजावलं नाही, टॉर्चचा उजेड फक्त त्या दोन जागांवर टाकला.

खाली गेलातच तर ढिलाई शोधा, हे काम सगळ्यात स्वस्तातलं आहे. यू-बोल्ट सैल झाले की कमानीची मधली पकड जाते, ॲक्सल तिच्यावर डोलतो आणि पाटे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टवर कातर बसते. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो. ब्लॉक घातलेल्या गाडीत यू-बोल्ट लांब असतात आणि त्यांच्यावर पीळही जास्त येतो, म्हणून ते लवकर सैल होतात. जुने यू-बोल्ट काढून परत वापरू नका. एकदा ताणलेल्या आट्यांवर नट पुन्हा तसा बसत नाही. नवे घाला, टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर आवळा, थोडे किलोमीटर चालवून पुन्हा आवळा. कमानीच्या पुढच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल कडीचे) बुश, शॅकलचे (टोकाच्या झुलत्या दुव्याचे) बुश, मेन पाट्यावर डोळ्याजवळ आलेला तडा, कमानीच्या बैठकीचं वेल्डिंग, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग, सगळं हाताने हलवून बघा. बुश खलास असेल तर पट्टीने उचकटल्यावर कमानीचा डोळा बोल्टभोवती खेळताना दिसतो. असा खेळ असलेल्या गाडीला बार लावला तर आपटणं बारच्या ब्रॅकेटवर जाईल, एवढाच फरक पडेल.

मग ब्लॉक. तो काढायचाच, असं मी म्हणेन. गाडीची उंची हवी असेल तर ती कमानीच्या कमानदारपणातून मिळवा, म्हणजे तेवढ्या उंचीची नवी कमान बनवून घ्या. वरच्या हिशोबात ब्लॉक काढला तर पीळ 4450 वरून 3670 वर येतो, बाकी कशालाही हात न लावता. ब्लॉक ठेवणं भाग असेल तर दोन इंचांच्या वर नको, ॲल्युमिनियमचा नको, आणि ब्लॉकवर ब्लॉक तर अजिबात नको. पुढच्या ॲक्सलवर कसलाही ब्लॉक नको, तिथे स्टीअरिंगचा आणि ब्रेकचा जोर येतो. ज्या गाड्यांची कमान मुळात ॲक्सलच्या खालून जाते, सुझुकी जिप्सी आणि समुराईसारख्या, त्यांची कमान वर घेऊन गाडी उंच करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिथे हाच हिशोब जास्त कडक लागतो. कमान खाली असताना उंची त्रिज्येतून वजा होते, वर घेतली की बेरीज होते. 400 मिमी त्रिज्येच्या टायरवर 330 चे 470 होतात, म्हणजे एका दिवसात 40 टक्क्यांहून जास्त वाढ. असं रूपांतर केलेल्या गाडीला बार लागतोच, तो नंतर बघू असं म्हणून चालत नाही.

चालवण्याचा भागही यात आहे. धडधड सुरू झाली की लगेच ॲक्सिलरेटर सोडा. जोर वाढवून ती थांबेल असं वाटतं, पण क्रॉस नेमका त्याच क्षणी जातो. थोडं मागे या, चाकांची वाट बदला, पुन्हा संथ जोर द्या. खडकावर टायरची हवा उतरवली तर टायर अंग चेपून धरतो आणि सुटतानाही हळू सुटतो. रस्त्याला 30 पीएसआय ठेवत असाल तर खडकात 15 ते 18 वर गाडी बरीच सुधारते, रिमवरून टायर निघणार नाही याची काळजी घेऊन. परतताना हवा भरायचं विसरू नका.

शॉक ॲब्सॉर्बरबद्दल लोक नेहमी विचारतात. एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असा तिरका बसवला तर हौसिंगच्या डोलण्याला तो विरोध करतो. शेव्हरोले कमॅरोच्या 1967 च्या पहिल्या मॉडेलला मागे एकेरी पाट्याची कमान होती आणि जोरात निघताना मागची चाकं उड्या मारायची. 1968 मध्ये शॉक असे पुढे-मागे बसवले गेले आणि ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांच्या कमानी मिळाल्या. बऱ्याच पिकअप गाड्यांत आजही शॉकची अशीच रचना दिसते. पण शॉक वेगाला विरोध करतो, जोराला नाही. लो रेंजमध्ये हळूहळू चढणाऱ्या पिळाला तो काहीच करत नाही. सुटतानाचं आपटणं थोडं मऊ होतं, इतकाच फायदा.

कमानीतच काही करायचं असेल तर एक सुधारणा मला मान्य आहे. पुढचा अर्धा भाग आखूड आणि कडक, मागचा लांब आणि मोकळा. क्रायस्लरच्या गाड्यांत मागचा ॲक्सल कमानीच्या मध्याच्या पुढे बसवलेला असे, तो याचसाठी. पीळ मुख्यतः आखूड भाग अडवतो, लांब भाग चाल मऊ ठेवतो. तुमच्या कमानीत पुढच्या भागातल्या क्लिपा घट्ट ठेवून मागच्या थोड्या मोकळ्या केल्या तर याचाच छोटा नमुना मिळतो. हलक्या वापराच्या गाडीला ढिलाई काढणं, ब्लॉक काढणं आणि हे एवढं मिळून पुरतं, बार लागतही नाही.

तुमच्या गाडीला मात्र, लॉकर असेल आणि ती खरंच खडकात जात असेल, तर बार लागेल. कल्पना फार जुनी आहे. फोर्ड मॉडेल टी मध्ये मागची कमान आडवी होती, ती पीळ अडवू शकतच नव्हती. म्हणून शाफ्टभोवतीची जाड नळी ॲक्सल हौसिंगला पक्की बोल्ट केलेली असे आणि तिचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे गोलाकार सांध्यात बसे. पीळ त्या नळीकडून पुढे जाई, कमानीकडे फक्त वजन उरे. फोर्डने ही टॉर्क ट्यूब आपल्या मोटारींमध्ये 1948 पर्यंत ठेवली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपलाही पुढच्या डाव्या कमानीला पीळ अडवणारी एक जादा स्प्रिंग जोडलेली असे. आजचा अँटी-रॅप बार म्हणजे त्या टॉर्क ट्यूबचा धाकटा भाऊ. ॲक्सल हौसिंगला दोन जागी पक्का, तिथून पुढे निमुळता होत जाणारा, आणि पुढे चासीच्या क्रॉस मेंबरला एका सांध्याने जोडलेला.

या बारची खरी कळ पुढच्या टोकाला आहे. चाक वर-खाली होताना कमानीवरचा ॲक्सल एका वर्तुळात फिरतो आणि बारचं टोक दुसऱ्या वर्तुळात. दोघांची केंद्रं वेगळी. बारचं पुढचं टोक चासीला थेट बोल्ट केलं तर दोघे एकमेकांशी भांडतात आणि जो कमजोर तो तुटतो. हे मी स्वतः करून बसलोय. सुरुवातीच्या काळात एका गाडीला बार बनवला, नळी उत्तम, वेल्डिंग उत्तम, आणि पुढे साधा बुश घालून सरळ क्रॉस मेंबरला बोल्ट. सपाटीवर गाडी झकास निघाली. पहिल्याच आडव्या नाल्यात एक चाक खाली, एक वर गेलं आणि क्रॉस मेंबरचा पत्रा ब्रॅकेटसकट फाटून बाहेर आला. पत्र्याची कड पत्त्यासारखी दुमडली होती. मालकाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण ती गाडी मी पुन्हा उघडून स्वखर्चाने दुरुस्त केली आणि तेव्हापासून पुढे शॅकल लावल्याशिवाय बार दिला नाही.

म्हणून पुढे उभी शॅकल हवी, आणि बारच्या टोकाला सगळ्या दिशांना फिरणारा सांधा. शॅकल बारला मागे-पुढे मोकळं सोडते आणि वर-खाली मात्र धरून ठेवते. पीळ अडवायला वर-खालीच धरायचं असतं. गाडी सपाटीवर उभी असताना शॅकल जवळजवळ उभी असावी. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेल्यावरही ती उलटी पडता कामा नये. सांधा रबरी बुशचा असेल तर तो एका चाकाच्या झुकण्यात पिळतो, म्हणून फिरता सांधा बरा. ग्रीस निप्पल असलेला मिळाला तर उत्तम, चिखलात सांधे लवकर जातात.

लांबी जितकी जास्त तितकी चांगली, साधारण प्रोपेलर शाफ्टएवढी. पुढचा सांधा शाफ्टच्या पुढच्या क्रॉसच्या आसपास आला तर चाक खाली-वर जाताना पिनियनचा कोन फार बिघडत नाही. एक मीटरचा बार असेल तर 4450 च्या पिळाला त्याच्या पुढच्या टोकावर साधारण 4450 न्यूटन, म्हणजे 450 किलोचा उभा जोर येतो. अर्ध्या मीटरचा असेल तर 900 किलोचा. हा जोर क्रॉस मेंबरला वर ढकलतो, त्यामुळे क्रॉस मेंबर पत्र्याचा पातळ असेल तर आधी त्याला जाड पट्टी लावून मजबूत करा. ॲक्सलच्या बाजूला काम याहून अवघड आहे. तिथे बारच्या वरच्या आणि खालच्या जोडात 180 मिमी अंतर असेल तर प्रत्येक जोडावर जवळजवळ 25000 न्यूटन, म्हणजे अडीच टन येतात, एकावर ताण आणि दुसऱ्यावर दाब. हे अंतर जागा मिळेल तेवढं वाढवा. आणि हे आकडे सपाट खडकाच्या पकडीचे आहेत. टायर दगडाच्या उभ्या कडेत अडकला की पकड याहून बरीच वाढते, आणि लो रेंजमध्ये इंजिनाकडे जोर शिल्लक असतोच. 200 न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर 4, लो रेंज अडीच, ॲक्सल 4 असेल तर गुणाकार 8000 न्यूटन-मीटर होतो. म्हणून बार आणि ब्रॅकेट दुप्पट धरूनच बांधा. 40 ते 45 मिमी व्यासाची, 5 मिमी जाडीची बिनजोड नळी मी वापरतो, आणि बार डिफरन्शियलच्या गोळ्याला लागून, पिनियनच्या बाजूला बसवतो.

वेल्डिंग कोणाकडून करून घ्यायचं याचा विचार गंभीरपणे करा. ॲक्सलची नळी एका बाजूने सलग तापवली की वाकते, आणि वाकली की बेअरिंग आणि सील खाते. छोटे छोटे टाके, समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, बॅटरी काढून ठेवा. मधला गोळा ओतीव असतो, त्यावर साध्या पद्धतीने वेल्ड धरत नाही. खात्रीचा वेल्डर नसेल तर ॲक्सलच्या बाजूला बोल्टने बसणारी पट्टी करून घ्या.

रस्त्यावरच्या गाड्यांना कमानीखाली लावतात त्या रबरी टोकाच्या ट्रॅक्शन बारविषयीही विचारलं जाईल, म्हणून सांगतो. तो पुढे जाताना कमानीच्या डोळ्याखाली टेकतो आणि पीळ अडवतो. रिव्हर्समध्ये आणि ब्रेक मारताना पीळ उलटा असतो, पिनियनचं तोंड खाली जातं, आणि तेव्हा तो टेकतच नाही. खडकात माणूस चढावावरून मागे सरकत रिव्हर्समध्ये जोर देतो, तेव्हाच बरेच क्रॉस जातात. शिवाय तो कमानीच्या खाली लोंबतो आणि दगडात अडकतो. खडकातल्या गाडीला तो नको.

बार बसवल्यावर पिनियनचा कोन पुन्हा मोजा. दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असतील तर ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. बार नसताना पिनियन एक-दोन अंश खाली ठेवतात, पीळ बसल्यावर तो समांतर यावा म्हणून. बार आला की तेवढं खाली ठेवायची गरज उरत नाही. वरच्या टोकाला जोडक्रॉसचा (एकापाठोपाठ दोन क्रॉस असलेला) शाफ्ट असेल तर पिनियन सरळ ट्रान्सफर केसकडे बघायला हवं. कोन सुधारायला पाचर लागली तर लोखंडी घाला, ॲल्युमिनियमची दबून चुरा होते.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. या आठवड्यात यू-बोल्ट, बुश आणि सेंटर बोल्ट. मग ब्लॉक काढून कमान बनवून घेणं. मग त्याच पायरीवर, त्याच हवेच्या दाबात पुन्हा चित्रण. खडूच्या रेघेच्या पायऱ्या आधीच्या निम्म्यावर आल्या आणि धडधड थांबली असेल तर तिथेच थांबा. थांबली नसेल तर बार.

बार बनवताना सगळं आधी वेल्डच्या कच्च्या टाक्यांवर उभं करा. मग चासी स्टँडवर घेऊन ॲक्सल जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि मग एक चाक वर, एक खाली असं फिरवून बघा. शॅकल कुठे अडते, बार सायलेन्सरला लागतो का, ब्रेकचा पाइप ताणला जातो का, शाफ्टची स्प्लाइन किती आत-बाहेर होते, हे सगळं बघून झाल्यावरच पूर्ण वेल्ड करा. पहिल्या खडकाळ फेरीनंतर घरी आल्यावर ब्रॅकेट धुऊन पुसून वेल्डची कड उजेडात बघा. कडेला लागून केसाएवढी गंजाची लाल रेघ दिसली तर ती भेग आहे, आणि ती तिथेच खरवडून पुन्हा वेल्ड करेपर्यंत गाडी खडकात न्यायची नाही.